जानराव मिस्त्री आणि बिथरलेली जीप

दुसरबीडच्या सडकेवर एखादी मोटार धापा टाकत थांबली, की आतले लोक समोरच्या अर्जुनरावच्या हॉटेलात जाऊन आधी मिस्त्रीचा पारा विचारायचे आणि मगच मोटारीची तब्येत सांगायला पलीकडे जायचे. मिस्त्री म्हणजे जानराव. बाभळीच्या झाडाखाली चार बल्ल्या आणि त्यावर लष्कराच्या लिलावातले पत्रे, एवढाच त्याचा कारखाना. पण मेहकरपासून जालन्यापर्यंत मोटारीच्या पोटात हात घालून रोग सांगणारा दुसरा माणूस तेव्हा नव्हता. ही गोष्ट जानरावला पक्की ठाऊक होती, आणि गिऱ्हाइकांची पंचाईत तिथेच होती.

त्याला राग कशाचाही यायचा. पान्याऐवजी पक्कड लावून गोल केलेल्या नटाचा यायचा, उगाच हॉर्न वाजवणाऱ्याचा यायचा, आणि 'किरकोळच काम आहे हो' म्हणणाऱ्याचा तर इतका यायचा, की अशा माणसाची मोटार तो मुद्दाम सगळ्यात शेवटी उघडायचा. त्याची बायको पंचफुला आल्यागेल्याला सांगायची, की माझी सासू म्हणे, बाकीची लेकरं जन्मली तेव्हा रडली, हे तेवढं ओरडलं.

रागाला कारणंही होती म्हणा. शाळेत चार वर्ग तो ओट्याच्या खाली बसून शिकला. गणितात पुढे होता, पण मास्तर त्याची पाटी लांबूनच बघायचे. लढाई लागली तेव्हा भरती झाला, लष्करी वर्कशॉपात पडला, आणि इंफाळच्या चिखलात रुतलेल्या जीपांखाली उताणं निजून पुढची धुरा, म्हणजे चाकांचा आस, खोलता-लावता त्याला जन्मभराचा धंदा मिळाला. तिथे पाटी लांबून बघणारं कोणी नव्हतं; गाडी चालली की नाही एवढंच बघायचे. परत आला तो पान्यांची एक पेटी, एक जोडी बूट, आणि 'जान्या' या हाकेला बहिरा झालेला कान घेऊन. छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेला, तो ट्रक वाटेत दोनदा त्यानेच दुरुस्त केला होता. आल्यावर गावकीची कामं सोडली, देव सोडले, सण सोडले. पोळ्याच्या दिवशी सगळी सडक ओस पडायची, पण जानराव शेड उघडून, हातात कानस घेऊन, येणार नसलेल्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचा.

गावातले जुने लोक अजून 'जान्या' म्हणायचे. जानराव काम करत राहायचा. दुसऱ्यांदा 'जान्या' म्हटलं, की हातोडा जरा जोरात चालायचा. माणूस शहाणा असेल तर तिसऱ्या वेळेला 'मिस्त्री' म्हणायचा, आणि मग जानराव अगदी नुकतंच ऐकू आल्यासारखा वळून बघायचा.

त्रेसष्ट सालचा भादवा सरत आला होता. बाजाराचा दिवस. दुपार कलताना सडकेवर एक वरात आली. पुढे दोन बैल, बैलांना दोर, दोराला जीप. जीपच्या बंपरात कपाशीची झाडं मुळांसकट अडकलेली. जीप ओढ्यापलीकडच्या गावच्या भगवानरावांची. दोनशे एकरांचे धनी; लष्कराच्या लिलावातून जीप आणली तेव्हापासून घोडीवर बसायचं त्यांनी सोडलं होतं. जीपच्या मागे ते स्वतः चालत येत होते, धोतराला चिखल, तोंड लालबुंद. त्यांच्यामागे दहा पावलं सोडून त्यांचा ड्रायव्हर, कारभारी नावाचा.

झालं होतं असं, की भगवानराव आईला, म्हणजे रुखमाबाईंना, डोणगावच्या नातलगांकडून घेऊन येत होते. ओढ्याच्या उतारावर डावं चाक खड्ड्यात गेलं आणि जीप अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. स्टेअरिंग कारभाऱ्याच्या हातातून सुटलं, जीप सडक सोडून सरळ कपाशीत. म्हातारीचं मनगट मुरगळलं, तिला बैलगाडीत घालून घरी पोचवलं. तीन आठवड्यांतली ही चौथी वेळ होती; आधीच्या तीन वेळा ती थरथरून आपोआप शांत झाली होती, एवढाच फरक.

शेडीसमोर बैल सोडले. हॉटेलातले लोक कपबशा घेऊन सडकेच्या कडेला आले. भगवानराव वळले आणि त्यांनी कारभाऱ्याच्या थोबाडीत मारली. फटका असा, की फेटा उडून ऑईलच्या डबक्यात पडला.

"पेऊन गाडी चालवतं बे? तुहे हात थरथरते म्हणून चाक थरथरते! माही माय मेली असती आज!"

कारभाऱ्याने फेटा उचलला. मालक, म्या पेलो नाई, असं तो म्हणाला, पण एकदाच, आणि तेही फेट्याकडे बघत. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कारभारी पूर्वी प्यायचा, ही गोष्ट पंचक्रोशीला माहीत होती. तीन वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली, ही गोष्ट त्याची बायको झुंबरबाई सोडून कोणाला माहीत करून घ्यायची नव्हती. बैलांचा गडी म्हणून चौदा वर्षं आणि जीपवर दोन वर्षं त्याने त्या घरी काढली होती. जीप आली तेव्हा मालकांनी त्यालाच निवडलं, कारण जनावर त्याचं ऐकतं. तो जीपशीही तसाच बोलायचा. चढ आला की जिभेने टिचक टिचक करायचा, ब्रेक मारताना 'हो... हो' म्हणायचा. जीपवरून उतरवून त्याला परत शेणात लोटलं असतं तर त्याने एक वेळ सोसलं असतं. पण 'दारूडा' म्हणून उतरवलं, तर झुंबरबाईला पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

जानराव शेडीतून बाहेर आला. कारभाऱ्यावर त्याचं काही प्रेम नव्हतं. मोटारीला 'हो हो' म्हणणाऱ्या माणसावर त्याचं प्रेम असणं शक्यच नव्हतं. पण आपल्या दारात येऊन, आपल्यादेखत, कोणी मोटारीचा रोग माणसाच्या हातावर ढकलतो म्हणजे काय? तो म्हणाला, हाताच्या थरथरीनं जीपचं चाक हलत नसते. जीपच्या चाकानं हात हलतात.

भगवानराव म्हणाले, "जान्या, तुले कोणी विचारलं?"

जानरावला ऐकू आलं नाही. तो वाकून बंपरातली कपाशी उपटायला लागला. भगवानरावांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा त्याने जास्त जोराने उपटली. शेवटी मागून अर्जुनराव हळूच म्हणाला, मालक, मिस्त्री म्हणा. भगवानरावांनी दात-ओठ खात तसं म्हटलं आणि अट घातली. उद्या दिवस मावळेपर्यंत जीपमधला दोष काढून दाखवायचा. दाखवला तर कारभारी जीपवर राहील. नाही दाखवला तर कारभाऱ्याने ना जीपला शिवायचं ना गोठ्याला, आणि गावात त्याचं जे नाव झालंय तेच राहील. जालन्याचा एक ड्रायव्हर येतो म्हणून बसलाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानराव आले आणि जानरावच्या शेजारी चढून बसले. हलवून दाखव म्हणाले. जानरावने सिंदखेडच्या बाजूला गाडी काढली. त्या बाजूच्या सडकेवर नुकतीच खडी दाबून रोलर फिरवला होता. गाडी वीस मैलांवर गेली, तीसवर गेली, पस्तीसवर गेली. सशासारखी पळाली. चाक बोटभर हललं नाही. परत आल्यावर भगवानराव उतरले आणि एवढंच बोलले, की तुह्या हातात नाई हलत, त्याच्या हातात हलते. आता अजून काय पाह्यजे?

भगवानराव हॉटेलात जाऊन बसले. जानराव शेडीत आला आणि जे हाताला लागेल ते फेकायला लागला. आपणच जाऊन त्या मूर्खाच्या विरुद्ध साक्ष देऊन आलो, हे त्याच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. पंचफुला भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "सकाळपासून जीपले शिव्या देऊन राह्यले. तिनं एकीचं तरी उत्तर देल्लं काय? ज्याले ठाऊक हाय त्याले तर इचारा."

ज्याला ठाऊक होतं तो बाभळीच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता. रात्रभर घरी गेला नव्हता. जानरावने त्याला उठवला आणि फौजदारासारखा उलटतपास घेतला. कधी हलते? किती वेगावर? चढावर की उतारावर? कारभारी म्हणाला, रोज नाई हलत. संथ चालली तर गरीब हाय. तिसाच्या वर पळाली अन् डावा पाय खड्ड्यात पडला, की बिथरते. मंग पुरी उभी केल्याबिगर थांबत नाई.

"पाय?" जानराव ओरडला. "पाय काऊन म्हणतं बे? तिले चाकं हायेत!"

पण ओरडता ओरडता तो थबकला. डावं पुढचं. वेग. आणि एकाच चाकाला दणका. रोलर फिरवलेल्या सडकेवर यातलं एकच होतं. त्याने कारभाऱ्याला शेजारी बसवलं, गाडी उलट बाजूला काढली आणि ओढ्याच्या उतारावर तीस मैलांवर असताना जाणूनबुजून डावं चाक खड्ड्यात घातलं.

गचका बसला आणि पुढची धुरा नाचायला लागली. स्टेअरिंग इतक्या जोराने डावीउजवीकडे झटके मारायला लागलं, की त्याचे दोन्ही अंगठे आडव्या दांड्यांवर आपटून बधिर झाले. बॉनेट हलत होतं, दिवे माना हलवत होते, दात वाजत होते. ब्रेक दाबून गाडी पार उभी केली तेव्हा कुठे ते थांबलं. जानरावने आपले हात पुढे धरून बघितले. ते थरथरत होते. आणि दारूचा थेंब त्याने आयुष्यात कधी घेतला नव्हता.

आता त्याला भगवानरावांकडे पळत जाऊन सांगता आलं असतं. पण मालक म्हणाले असते, की तुम्ही दोघं एक झाले. खड्ड्यात घातली तर कोणाचीही गाडी हलते. दोष हातात धरून दाखवायला हवा होता. सूर्य डोक्यावर आला होता.

शेडीत येऊन त्याने शोध सुरू केला. आधी टायर. दोन नवे, दोन लढाईच्या वेळचे. पुढचे मागे, मागचे पुढे केले, हवा सारखी केली, रिमच्या आत वाळून बसलेली काळी माती खुरपून काढली. काळी माती एका बाजूला चिकटली तरी चाक नाचतं. पुन्हा ओढ्यावर गेले. पुन्हा नाचलं. मग जॅक लावून चाक उचललं, वरून खालून धरून हलवलं. बेअरिंग घट्ट होतं. चाकाच्या आतली किंगपिन, जिच्यावर चाक डावीउजवीकडे वळतं, तीही घट्ट. स्प्रिंगच्या पाट्यांचे नट घट्ट. स्टेअरिंगच्या पेटीत थोडी ढिल होती. ती आवळून टाकली की थरथर दोन महिने दबते, हे जालन्याच्या अर्ध्या मिस्त्र्यांचं औषध. जानरावने त्या पेटीला हात लावला नाही. दाबलेला रोग उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी मायला कपाशीत घालणार.

एकेक गोष्ट घट्ट निघत गेली तसा त्याचा आवाज वाढत गेला. कारभारी न बोलता पाना द्यायचा, जॅक फिरवायचा. एकदा तो जीपच्या मडगार्डावरून हात फिरवताना दिसला, तेव्हा जानरावने त्याला हात तोडीन म्हणून सांगितलं.

शेवटी त्याने कारभाऱ्याला वर बसवलं. स्टेअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे, हळूहळू हलवत राहा म्हणाला, आणि स्वतः पाठीवर निजून खाली सरकला. लष्करात एका म्हाताऱ्या सुभेदाराने शिकवलेली रीत होती ही. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं. स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत दांडे जातात, आणि दांडे जिथे चाकाला जोडले जातात तिथे सांधे असतात. प्रत्येक सांध्याखाली एक निमुळती खुंटी, तिला नट, आणि नट फिरून निसटू नये म्हणून त्यातून आरपार ओवलेली लोखंडी पिन. जानराव एकेका सांध्यावर हात ठेवत गेला. पहिला गप्प. दुसरा गप्प. डाव्या चाकाच्या सांध्यावर हात ठेवला आणि तळहाताला टक् लागलं. पुन्हा टक्. वर स्टेअरिंग चार बोटं हलत होतं आणि खाली खुंटी भोकात आधी जराशी सरकायची, मग चाकाला हलवायची.

त्याने चिंधीने ग्रीस पुसलं. नट दोन आटे खाली आला होता. पिनेच्या भोकात पिन नव्हती. तांब्याची तार होती, पीळ दिलेली, मधोमध तुटलेली. आणि ग्रीसच्या थराखाली काहीतरी पिवळं.

त्याने दुसरा सांधा पुसला. तिथेही तांब्याची तार. तिसरा, चौथा. सगळीकडे तार, सगळीकडे पिवळं. त्याने नखाने खरवडून वास घेतला. हळद. तूप.

तसाच पडल्यापडल्या त्याने विचारलं, आवाज न चढवता, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "कारभारी, ह्या तारा कोणी घातल्या?"

"म्या घातल्या," वरून उत्तर आलं. उत्तरात अभिमान होता. "खांदेमळणीले."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, जू बसून बसून सोललेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, गरम कापडाने शेकतात. दुसऱ्या दिवशी पोळ्याला जुनी वेसण कापून नवी घालतात, नवा कासरा बांधतात. कारभाऱ्याने चौदा वर्षं हे केलं होतं. यंदा गोठ्यातल्या सहा बैलांचं झालं आणि त्याच्या मनात आलं, की सगळ्यांइतकी राबली ती, मग तिलाच काऊन सोडायचं? तिचे खांदे म्हणजे पुढच्या चाकांचे सांधे. जीपखाली शिरून त्याने तूप-हळद चोळली. चोळताना दिसलं, की प्रत्येक सांध्यात गंजलेली, वाकडी, काळी पिन. जनावराच्या नाकात पोळ्याला जुनी वेसण कोणी ठेवतं का? त्याने चारही पिना उपटल्या आणि तांबटाकडची नवी कोरी तार ओवून, पीळ देऊन, झगझगीत केली. तांबं शुभ, आणि गंजत नाही.

जानराव बाहेर आला. त्यानंतर त्याने कारभाऱ्याला जे ऐकवलं ते अर्जुनरावच्या हॉटेलातल्या लोकांनी महिनाभर एकमेकांना म्हणून दाखवलं, पण लिहिण्याजोगं त्यात थोडंच होतं. लिहिण्याजोगं एवढं, की तांबं मऊ असतं, दणका बसला की कापलं जातं. ती गंजलेली पिन म्हणजे तुझा, तुझ्या मालकाचा आणि त्या म्हातारीचा जीव होता. मोटारीला खांदा नसतो, नाक नसतं, ती लोखंडाची असते आणि लोखंडाला प्रेम कळत नाही. कारभारी ऐकत होता. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे म्याच," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांनी जानरावचा राग आडवा झाला. एवढ्या वेळ त्याला रागवायला मालक होता. आता मालकाचं म्हणणं निम्मं खरं निघालं होतं. दोष मशीनमध्ये होता, आणि मशीनमध्ये तो या माणसाच्या हातांनी घातला होता. तोंड मिटून चार नव्या पिना घालता आल्या असत्या. सांधा झिजला होता, असं सांगितलं असतं तर भगवानरावांना काय कळणार होतं? कारभाऱ्याच्या नजरेत तेच होतं. तोंडाने तो मागत नव्हता.

जानरावने शिवी हासडली आणि तांब्याच्या तारा एका चिंधीत बांधल्या. मोटारीबद्दल खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि आज या माणसासाठी ते जमवावं लागणार म्हणून त्याला अजूनच राग आला, आणि ते जमणार नाही हे कळलं तेव्हा त्याहून जास्त. त्याने पेटीतून नवा सांधा काढला, बसवला, चारही नट आवळले, चारही पिना घालून त्यांची टोकं फाकवून वळवली. प्रत्येक पिन कारभाऱ्याकडूनच वळवून घेतली. दोन त्याच्या हातून मोडल्या, त्यांच्या जागी नव्या घालून पुन्हा वळवायला लावल्या.

ऊन तिरपं झालं तेव्हा भगवानराव सडक ओलांडून आले. त्यांच्यामागे हॉटेलातले सगळे लोक. जानरावने चिंधी सोडून तारा त्यांच्या हातात ठेवल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तूप, हळद, पिना, तांबं, आणि हे करणारा कारभारी. भगवानरावांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. लोकांकडे वळून ते म्हणाले, पाह्यलं? म्या काय म्हणत होतो? चूक त्याचीच.

"चूक त्याचीच," जानराव म्हणाला. "थापड कशाची व्हती?"

भगवानराव लोकांकडून त्याच्याकडे वळले.

"थापड चुकीची नोती. थापड दारूची व्हती. हे तूप कोणाच्या घरचं? हळद कोणी काढून देल्ली?" जानरावचा आवाज आता सडकेच्या टोकापर्यंत जात होता. "तुमच्या मायनं देल्ली. अन् तुम्ही ओट्यावर उभे राहून हसत व्हते, जीपच्या कपाळाले कुंकू लावलं तुम्ही. तवा नाई म्हणले, का हे काय करून राह्यला बे?"

हे सगळं त्याने कारभाऱ्याकडून पिना वळवून घेताना काढून घेतलं होतं. भगवानरावांनी तारांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे. गाडी नीट झाली असेल तर कारभारी चालवेल. म्या शब्दाचा माणूस हाय.

नीट झाली की नाही ते बसून पाहा, जानराव म्हणाला. कारभारी चालवील. त्याच ओढ्यावर, त्याच वेगानं.

आता भगवानरावांना नाही म्हणता येईना. वीस-पंचवीस माणसं बघत होती. ते पुढच्या सीटवर बसले, एका हाताने काचेची चौकट धरली. कारभाऱ्याने जीप सुरू केली. आज त्याने 'हो हो' केलं नाही. जीप ओढ्याकडे गेली, धूळ उठली आणि खाली बसली. लोकांनी कान दिले. थोड्या वेळाने ती परत आली, तीस मैलांवर, सरळ, आणि शेडीपुढे थांबली. भगवानरावांचा चेहरा पांढरा होता, पण चाकाने त्यांना काही त्रास दिला नव्हता. ते उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, चाल कारभारी, घरी चाल. दिवस मावळला.

जानरावने श्वास घेतला, तोंड उघडलं. एवढ्यात कारभारी बोलला. तो अजून स्टेअरिंगमागेच बसला होता. किल्ली काढून त्याने मुठीत धरली होती.

"मालक, म्या पेलो नोतो."

"बरं बरं," भगवानराव म्हणाले. "समजलं."

"तुमाले समजलं." कारभाऱ्याने मूठ स्टेअरिंगवर टेकवली. "चुकीची शिक्षा द्या. जीपवरून काढा, गोठ्यात घाला, म्या जातो. आईसाहेबाइच्या पाया पडतो. पण पेलो नोतो, हे तुम्ही सांगा. कालच्याच जागेवर."

त्याच्या तोंडून चौदा अधिक दोन वर्षांत मालकाला 'सांगा' असा शब्द कोणी ऐकला नव्हता. जानराव तोंड उघडंच ठेवून बघत राहिला. भगवानरावांच्या मानेची शीर ताठ झाली. ते पायाखालच्या मातीकडे बघत, ओठ न हलवता म्हणाले, पेला नोता.

"कोणाले सांगून राह्यले, मालक?"

हॉटेलातल्या भट्टीवर दूध उतू गेलं, अर्जुनरावने वळून पाहिलं नाही. भगवानरावांनी मान उचलली. सडकेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे, कपबशांकडे, शेतातून परतणाऱ्या बायांकडे पाहिलं, आणि मोठ्याने, रागाने, जवळजवळ शिवी दिल्यासारखं म्हणाले, "कारभारी काल पेला नोता. थापड माही चुकली. झालं?"

"झालं," कारभारी म्हणाला, आणि किल्ली लावली.

भगवानराव पुढच्या दाराशी गेले. हात घातला, क्षणभर थांबले, मग वळसा घालून मागच्या बाकावर चढले, जिथे एरवी गडी आणि पेंडीची पोती बसायची. जीप निघाली. पुढे ड्रायव्हर एकटा, ताठ. मागे दोनशे एकरांचे धनी बाकाची कड धरून. सडकेवरच्या बैलगाड्या बाजूला होऊन बघत होत्या.

जानरावने बोलायला घेतलेला श्वास तसाच राहून गेला होता. दोन दिवस भरलेला राग आता कुठे ठेवावा ते त्याला कळेना. लोक अजून सडकेवर उभे होते, काही त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ते तर त्याला अजिबात सोसायचं नाही. त्याने जॅकचा दांडा उचलून जमिनीवर आपटला.

"काय पाहून राह्यले?" तो ओरडला. "अर्जुनराव, तुहं दूध जळून राह्यलं तिकडं!"